पचिरिसूची जागा

ऑगस्ट २०१४. वॉशिंग्टन डी. सी.मध्ये पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेची अंतिम लढत रंगात आली होती आणि भल्यामोठ्या पडद्यावर एक खार उभी होती. निळ्या पट्ट्यांची, गालांतून वीज सोडणारी, मुलांच्या दप्तरावर शोभून दिसेल अशी. तिचं नाव पचिरिसू. गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनच्या ताकदीचे सहा आकडे असतात. त्यांची बेरीज केली तर पचिरिसूची भरते ४०५. तिच्याच संघातल्या गारचॉम्प या ड्रॅगनची बेरीज ६००. एवढ्या कमी ताकदीचा प्राणी जागतिक अंतिम फेरीत कोणी आणत नाही. दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुनने आणला, अमेरिकेच्या जूडी अझारेलीला हरवलं आणि जगज्जेतेपद घेऊन तो घरी गेला.

त्यानंतर जे झालं ते जास्त बोलकं आहे. जगभरच्या पोरांनी आपापल्या संघात पचिरिसू घातली आणि ती भराभर हरली. विजेत्याकडची खार सगळ्यांनी उचलली, पण ती तिथे का होती हे फार थोड्यांनी विचारलं.

संघ म्हणजे सहा बलवानांची मोट नव्हे. तो एका विशिष्ट काळातल्या, विशिष्ट प्रतिस्पर्ध्यांनी टाकलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असतो. प्रश्न न वाचता दुसऱ्याचं उत्तर उतरवून घेतलं की काय होतं, हे शाळेत कॉपी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच स्वतःचा संघ स्वतः बांधणं, हरणं, त्यातला एक खिळा काढून दुसरा ठोकणं आणि पुन्हा खेळणं हा या खेळाचा गाभा आहे. आणि तोच भाग आज सर्वांत आधी गाळला जातो.

ज्यांनी पोकेमॉन फक्त टीव्हीवर पाहिला, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात तशी एक अख्खी पिढी आहे. २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हिंदीतून बोलणारा पिकाचू पाहत ती मोठी झाली. मूळ गेम मात्र त्याआधीचा, फेब्रुवारी १९९६ चा. तो घडवणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करत हिंडायचे. दोन गेमबॉय वायरने जोडलेले पाहिले तेव्हा त्यांना त्या वायरवरून किडे पलीकडे सरपटत जाताना दिसले, अशी या गेमची जन्मकथा आहे. सुरुवातीला प्राणी होते १५१. आज हजाराच्या वर आहेत. प्रत्येकाचा एक किंवा दोन प्रकार: अग्नी, पाणी, वीज, गवत, ड्रॅगन असे एकूण १८. पाणी अग्नीला भारी, गवत पाण्याला, अग्नी गवताला. इथवर लहान मूलही सांगतं. पण १८ प्रकारांचा १८ प्रकारांशी ताळा मांडला की ३२४ घरांचा तक्ता होतो, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याला तो पाढ्यांसारखा तोंडपाठ लागतो.

अधिकृत स्पर्धा जोडीने खेळली जाते. म्हणजे मैदानात एका वेळी दोघे विरुद्ध दोघे. खेळाडू सहा पोकेमॉन घेऊन येतो, समोरच्याचे सहा पाहतो आणि त्या लढतीपुरते चार निवडतो. सहातून चार निवडण्याचे १५ मार्ग, आणि त्या चारांतले कोणते दोन आधी उतरवायचे याचे प्रत्येकी सहा. एकाच संघातून लढत सुरू करण्याचे असे ९० मार्ग होतात. विचाराला वेळ मिळतो ९० सेकंद.

इथे कबड्डी आठवल्याशिवाय राहत नाही. सात चढाईपटू घेऊन कोणी कबड्डीचा संघ बांधत नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्यरक्षक आणि साखळी धरणारे गडी लागतात. कोपरारक्षकाच्या नावावर गुण कमी दिसले म्हणून त्याला काढून आणखी एक चढाईपटू घेणारा प्रशिक्षक पहिल्याच सामन्यात उघडा पडतो. पोकेमॉनच्या संघातही हल्ला करणारे असतात, मार खाणारे असतात, वेग फिरवणारे असतात आणि केवळ जोडीदाराला एक चाल मोकळी मिळावी म्हणून स्वतःचा बळी देणारेही असतात.

पचिरिसू हे शेवटचं काम करत होती. पार्कच्या संघातला मोठा हल्लेखोर होता ग्याराडोस. पाणी आणि उड्डाण असे दोन प्रकार असलेल्या या राक्षसाला विजेचा मार चौपट लागतो. एक वीज पडली की खेळ खल्लास. त्यामुळे ग्याराडोस दिसला की समोरचा विजेचाच वार शोधतो. पार्कने त्याच्या शेजारी पचिरिसू उभी केली. तिच्याकडे ‘फॉलो मी’ ही मूव्ह होती. ती वापरली की शत्रूचे एका लक्ष्यावरचे वार तिच्याकडे वळतात. आणि तिची जन्मजात क्षमता अशी की वीज अंगावर पडली तर इजा होण्याऐवजी तिची तब्येत सुधारते. ग्याराडोससाठी सोडलेली वीज खारीसाठी औषध ठरायची.

एवढ्यावरही ती थांबत नव्हती. ‘नझल’ने ती समोरच्याला लकवा आणायची. ‘सुपर फँग’ ही मूव्ह तर समोर कितीही बलाढ्य असो, त्याची उरलेली तब्येत निम्मी करते. तिथे हल्लेखोराची स्वतःची ताकद मोजलीच जात नाही. खारीच्या तुटपुंज्या ताकदीचा आकडा पार्कने असा हिशोबाबाहेर काढला. तिला सगळा सराव दिला होता तो मार झेलण्याचा.

त्या वर्षीच्या नियमांत फक्त गेममधल्या कालोस या प्रदेशाच्या यादीतले पोकेमॉन चालत होते. त्या यादीत शत्रूचे वार स्वतःकडे ओढणारे इतरही होते. पार्कला मात्र ग्याराडोसच्या शेजारी उभा राहून वीज पचवणारा हवा होता. ग्याराडोस काढला असता तर पचिरिसूला संघात राहायचं कारण उरलं नसतं.

हल्लेखोराला विजेपासून वाचवण्याचा तोच प्रश्न दोन वर्षांनी दुसऱ्या रूपात आला. २०१६ ची जागतिक स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोत झाली. त्या वर्षी प्रत्येक संघात दोन महाबली दैवी पोकेमॉन घ्यायला परवानगी होती. सहा ठरावीक पोकेमॉनांचा एक संघ इतका बोकाळला की खेळाडू त्याला ‘बिग सिक्स’ म्हणू लागले. त्याचे दोन खांब म्हणजे ग्राउडन आणि झर्नियस. ग्राउडन आला की असा कडक उन्हाळा पडतो की पाण्याचे वार हवेतच विरून जातात. अमेरिकेचा वूल्फ ग्लिक नेमका पाण्याचाच देव, कायोगर, घेऊन आला. सोबत आणला रायक्वाझा. तो मैदानात असेपर्यंत हवामानाची जादू चालत नाही, म्हणजे ग्राउडनचं ऊन निष्प्रभ. कायोगरला भीती विजेची. ती अंगावर ओढून घ्यायला संघात होता रायचू, आपल्या पिकाचूचं मोठं रूप.

हा संघ ग्लिकने एकट्याने बांधला नव्हता. जर्मनीचा मार्कस श्टाटर त्याच्यासोबत होता. जवळजवळ तेच सहा पोकेमॉन घेऊन दोघेही उपांत्य फेरीत पोहोचले आणि ग्लिक जगज्जेता झाला. हाच ग्लिक २०१२ च्या अंतिम फेरीत रे रिझोकडून हरला होता. रिझोने तेव्हा सलग तिसऱ्यांदा विजेतेपद घेतलं होतं. हरल्यापासून जिंकेपर्यंत ग्लिकची चार वर्षं गेली. तेवढ्या काळात खेळाचे नियम बदलले, प्राणी बदलले, संघ तर किती बदलले असतील. संघबांधणीची सवय टिकून राहिली.

आता संघाला धार लावणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. त्यासाठी थोडी आकडेमोड लागेल, पण ती सातवीच्या वर्गाला जमेल अशी आहे.

गारचॉम्प घ्या. प्रत्येक पोकेमॉनला सरावातून गुण देता येतात. खेळाडू त्यांना ‘ईव्ही’ म्हणतात. एकूण ५१०, एका आकड्यात जास्तीत जास्त २५२. स्पर्धेत सगळे पन्नासाव्या पातळीवर खेळतात आणि तिथे साधारण आठ ईव्हींमागे आकडा एकाने चढतो. नवखा खेळाडू डोळे मिटून २५२ हल्ल्याला देतो, २५२ वेगाला देतो आणि उरलेले चार तब्येतीत टाकतो. पोकेमॉनचा स्वभाव वेग वाढवणारा असेल तर गारचॉम्पचा वेग होतो १६९ आणि एचपी, म्हणजे तब्येत, १८४.

मुरलेला खेळाडू इथे थबकतो. आपल्याला कोणाच्या आधी वार करायचाय? समजा चारिझार्डच्या. चारिझार्डचा सरावातून मिळणारा कमाल वेग १६७. त्याच्या पुढे राहायला १६८ पुरेत, १६९ कशाला? वेगाचे ईव्ही २५२ वरून २४४ वर आणले की १६८ मिळतात. वाचलेले आठ एचपीत टाकले की १८४ चे १८५ होतात.

एका एचपीने काय फरक पडतो? पडतो. गेममध्ये प्रत्येक वाराची ताकद थोडी खालीवर होते. पूर्ण ताकदीच्या ८५ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत अशा १६ पायऱ्या आहेत आणि त्यांतली कोणतीही पडू शकते. एखादा वार फक्त सर्वांत वरच्या पायरीवर बरोबर १८४ इजा करत असेल, तर १८४ एचपीचा गारचॉम्प सोळांतून एकदा त्या वाराने मरतो. १८५ चा कधीच मरत नाही. अखेरच्या फेरीत त्या एका एचपीवर उभा राहिलेला गारचॉम्प आणखी एक वार करून जातो.

पण थांबा. समोरूनही गारचॉम्पच आला तर? त्याच्या मालकाने डोळे मिटून २५२ दिले असतील तर त्याचा वेग १६९ आहे. आधी बरोबरी होती, कोण पहिला हे नाणं उडवल्यासारखं ठरलं असतं. आता तो नक्की पुढे. आणि गारचॉम्प हा ड्रॅगन असल्यामुळे ड्रॅगनचा वार त्याला दुप्पट लागतो. म्हणजे वाचवलेल्या एका एचपीच्या बदल्यात आरशातली लढत गेली.

मग काय करायचं? याचं उत्तर गारचॉम्पकडे नाही. ते बाकीच्या पाच जणांकडे आहे. शत्रूच्या ड्रॅगनला रोखणारा परीप्रकारातला कोणी संघात असेल तर आरशातली लढत सोडून द्या आणि १६८ घ्या. नसेल तर १६९ ला हात लावू नका. एका प्राण्याच्या आठ गुणांसाठी सहाही जणांकडे पाहावं लागतं. हे ज्याला एकदा समजलं, तो पुढे कुठलाही संघ, मग तो कार्यालयातला असो की क्रिकेटचा, वेगळ्या नजरेने पाहतो.

हळू असणंही कधी कधी मोठं बळ ठरतं. टॉर्कोल हे कासव मैदानात आलं की ऊन पडतं. पेलिपर हा पेलिकनसारखा पक्षी आला की पाऊस पडतो. दोघे एकाच वेळी उतरले तर वेगवान असतो त्याचं हवामान आधी लागतं आणि हळू असतो त्याचं नंतर. म्हणजे टिकतं ते हळूचं. पेलिपरचा मूळ वेग ६५, टॉर्कोलचा २०. कासव जिंकतं. उन्हात अग्नीचे वार दीडपट होतात, पाण्याचे निम्मे, आणि क्लोरोफिल क्षमता असलेल्या व्हीनसॉरचा वेग दुप्पट. कासव आणि व्हीनसॉर ही जोडी म्हणूनच गाजली.

पण या जोडीत एक भोक आहे आणि ते पहिल्या दहा लढतींतच दिसतं. टॉर्कोलची ‘इरप्शन’ मूव्ह तब्येत पूर्ण असताना १५० ताकदीची असते आणि तब्येत घटेल तशी घटत जाते. बोलूनचालून कासव, त्याचा नंबर शेवटी. त्याचा नंबर येईपर्यंत समोरचे दोघे त्याला मार देऊन मोकळे होतात आणि इरप्शनचा ज्वालामुखी चुलीतल्या निखाऱ्याएवढा उरतो. मग काय बदलायचं? टॉर्कोल काढायचा, की त्याच्यावरचे वार अंगावर घेणारा जोडीदार आणायचा, की ‘ट्रिक रूम’ लावून काही फेऱ्या सगळ्यात हळू असेल त्यालाच पहिला नंबर द्यायचा? ट्रिक रूम लावली तर उन्हात दुप्पट वेगाने धावणारा व्हीनसॉर शेवटी जातो. म्हणजे एक दुरुस्ती दुसऱ्याच गोष्टीची मोडतोड करते. ट्रिक रूम आणि व्हीनसॉर दोन्ही एकाच संघात ठेवून, लढत पाहून त्यांतलं एकच मैदानात आणणं, हाही एक मार्ग आहे. सहातून चार निवडायची मुभा त्यासाठीच तर आहे. खरा संघ असा, हरता हरता घडतो.

हरण्याचेही प्रकार असतात. इथे बहुतेक जण स्वतःला फसवतात. ‘रॉक स्लाइड’ ही दगडांची दरड दोन्ही शत्रूंवर कोसळते, पण प्रत्येकावर लागण्याची शक्यता १०० तली ९०. दोघांवर लागण्याची ८१. दरड चुकली आणि हरलो, तर नशीब फुटकं म्हणायचं आणि पुढची लढत लावायची, ही सर्वसाधारण रीत. पण ज्या संघाला जिंकण्यासाठी सलग तीन फेऱ्या दोघांवर दरड लागावी लागते, त्याची शक्यता मोजली तर निघते ५३ टक्के. असा संघ नशिबामुळे हरत नाही. तो बांधतानाच अर्धा हरलेला असतो. चांगले खेळाडू म्हणून वही ठेवतात. कोणाविरुद्ध हरलो, कोणते चार नेले होते, कोणत्या फेरीत पारडं फिरलं. पाच पराभवांत एकच नाव चार वेळा आलं, की दुरुस्ती कुठे करायची ते वही सांगते. आणि दुरुस्तीही एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलून संघ जिंकू लागला, तर कशामुळे जिंकला हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलायचा असतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात सगळे वाचतात. स्वतःच्या आवडत्या गोष्टीवर करून मात्र फार थोडे पाहतात.

ही मेहनत टाळायचे रस्ते आता सोपे झाले आहेत. स्वोर्ड आणि शील्ड या २०१९ च्या गेमपासून एक कोड टाकला की दुसऱ्याचा तयार संघ भाड्याने खेळता येतो. याला सरसकट विरोध करणं चूक ठरेल. संगीत शिकणारा आधी गुरूची बंदिशच गातो. दुसऱ्याचा संघ शिकण्यासाठी घेतला, प्रत्येक पोकेमॉन का घेतलाय हे उलगडून पाहिलं, तर त्यासारखी शिकवणी नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा संघ उसना, खेळ्या उसन्या आणि हरल्यावर पुन्हा नवा उसना संघ. अशा खेळाडूकडे वर्षभरानंतरही स्वतःचं म्हणावं असं एक मत नसतं.

मोठ्या स्पर्धांनी २०२३ पासून एक नियम आणला, तो या बाबतीत मोलाचा आहे. लढतीआधी दोन्ही खेळाडू एकमेकांना आपल्या संघाची यादी दाखवतात. कोणत्या मूव्ह आहेत, हातात कोणती वस्तू आहे, क्षमता कोणती, सगळं उघड. अचानक धक्का देऊन जिंकण्याची सोय बरीचशी गेली. काहींना यात मजा कमी झाल्यासारखं वाटलं. पण ज्याचा संघ नुसत्या दडवलेल्या डावावर उभा होता, तो उघडा पडला, आणि ज्याचा संघ नीट बांधलेला होता, त्याला काहीच गमवावं लागलं नाही. ईव्ही मात्र यादीत लिहायचे नसतात. गारचॉम्पने १६८ घेतले की १६९, हे शेवटपर्यंत त्याच्या मालकालाच ठाऊक.

मेहनतीचा एक प्रकार मात्र खरोखरच अनावश्यक होता, आणि तो कमी होतोय हे बरंच झालं. पूर्वी चांगल्या जन्मजात गुणांचा एक पोकेमॉन मिळवायला शेकडो अंडी उबवत बसावं लागे. विचार पाच मिनिटांचा आणि हमाली पाच दिवसांची. २०१६ मध्ये जन्मजात गुण सुधारण्याची सोय आली, २०१९ मध्ये स्वभाव बदलणारं ‘मिंट’ आलं. तरीही स्पर्धेसाठी सहा तयार करायला वेळ जातोच. त्यामुळे बाहेरच्या सॉफ्टवेअरने पोकेमॉन बनवून आणण्याचा मोह अनेकांना पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत काही खेळाडू याच कारणावरून बाद झाले. वर्षभर पात्रता मिळवत, समुद्र ओलांडून आलेली माणसं दारातून परत गेली. नियम मोडला होता, शिक्षा योग्यच होती. पण त्या चर्चेतला एक मुद्दा खरा होता: ज्या खेळात बुद्धीची परीक्षा आहे, तिथे प्रवेशाची फी हमालीत मागू नये. कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये फक्त लढतींसाठीचा ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ हा गेम जाहीर केला, तोही मोबाइलवर आणण्याच्या बोलीने. ही दिशा बरोबर आहे.

आता घरातला प्रश्न. मुलगा किंवा मुलगी तासभर पडद्यासमोर बसून ‘संघ बांधतेय’ म्हणते तेव्हा आईबाबांच्या कपाळावर आठी चढते. ती चढणं समजण्यासारखं आहे. पडद्याचे तास मोजायलाच हवेत, झोप आणि मैदान यांची जागा कोणत्याही गेमने घेऊ नये. पण तास मोजताना त्या तासात काय झालं, तेही पाहायला हवं. बोट आपोआप चालतं आणि डोकं बंद असतं, असे गेम पुष्कळ आहेत. हा त्यांतला नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या तयारीच्या तासांचा हिशोब कोणी विचारला नाही. सगळ्यांनी अभिमानाने सांगितला. बुद्धिबळाची प्रतिष्ठा पोकेमॉनला नाही आणि एवढ्यात मिळणारही नाही. पण डावाची आधी घरी तयारी करणं, प्रतिस्पर्ध्याचे खेळ अभ्यासणं, स्वतःच्या पराभवाची चिरफाड करणं, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते. पोकेमॉनमध्ये तर मोहरेही स्वतःच निवडावे लागतात.

शिवाय संघ बांधण्याचा अर्धा वेळ पडदा लागतच नाही. कागद, पेन्सिल, प्रकारांचा तक्ता आणि वर मांडली तशी आकडेमोड. गणिताचा कंटाळा करणारं पोर चारिझार्डच्या आधी वार करण्यासाठी टक्केवारी, शक्यता आणि समीकरणं स्वतःहून सोडवतं, हे पाहिलेल्या शिक्षकाने ती संधी वाया घालवू नये. तासाला पाच मिनिटं पुरतात. ‘९० टक्के नेमाचे दोन वार एकदम लागण्याची शक्यता किती?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मागच्या बाकावरून कोणाचे हात वर येतात ते पाहावं.

पैशाचीही अडचण नाही. पोकेमॉन शोडाउन ही साधी सोय २०११ पासून आहे. ब्राउझरमध्ये उघडते, फुकट आहे, महागडं यंत्र लागत नाही. तिथे हवा तो पोकेमॉन, हवे ते ईव्ही टाकून संघ मिनिटात उभा करता येतो आणि जगातल्या कोणाशीही लढता येतं. २०१८ चा जगज्जेता पॉल रुईझ इक्वाडोरचा होता. २०२२ चा एदुआर्दो कुन्हा पोर्तुगालचा. या खेळाच्या नकाशावर मोठ्या बाजारपेठांचीच नावं असावीत, असा काही नियम नाही. सांगलीच्या किंवा मडगावच्या एखाद्या मुलीला अडवणारं त्यात काही नाही.

ज्या घरात हा खेळ चालतो, तिथल्या मोठ्यांनी एवढं करावं. पोर हरून चिडलं आणि नवा तयार संघ उतरवून घ्यायला निघालं, की त्याला जुनाच संघ घेऊन बसवावं. सहाजणांची नावं कागदावर लिहायला लावावीत आणि प्रत्येकापुढे तो संघात का आहे, ते एका वाक्यात. ज्याच्यापुढे वाक्य लिहिता येणार नाही, तेवढा एकच बदलावा. मग त्या संघाने निदान वीस लढती खेळू द्याव्यात आणि तोवर दुसऱ्या कशालाही हात लावू देऊ नये.